सीमा ओलांडणारी बँक, सीमेवर थांबणारी जबाबदारी

बँकेचा धंदा मुळात दुसऱ्याच्या पैशावर चालतो. मागताक्षणी परत मिळेल या भरवशावर ठेवीदाराने ठेवलेली रक्कम बँक दीर्घ मुदतीच्या कर्जात गुंतवते, आणि सर्व ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहणार नाहीत या अनुभवसिद्ध गृहीतकावर तिचा सारा डोलारा उभा असतो. हे गृहीतक कोसळू नये म्हणून प्रत्येक आधुनिक राष्ट्राने बँकिंग कायदा, मध्यवर्ती बँक, ठेव विमा आणि सर्व उपाय थकल्यावर सार्वजनिक तिजोरी असे एकामागे एक आधार उभे केले आहेत. हे सारे आधार राष्ट्रीय आहेत आणि राष्ट्राच्या हद्दीबाहेर त्यांचा अंमल चालत नाही. बहुराष्ट्रीय बँक, म्हणजे एकाहून अधिक देशांत स्वतःच्या शाखा किंवा उपकंपन्या चालवून तेथे ठेवी घेणारी आणि कर्जे देणारी बँक, याच विसंगतीवर उभी आहे. तिचे भांडवल, निधी आणि निर्णय सीमा ओलांडून सहज फिरतात, परंतु ती अडचणीत येताच तिच्या देण्यांची जबाबदारी प्रत्येक देशाच्या सीमेपाशी येऊन थांबते. या प्रकारच्या बँकिंगचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक निष्कर्ष टाळता येत नाही: परकी बँकांचे स्वागत करावे, पण त्यांनी मोठा व्यवसाय यजमान देशाच्या कायद्याखाली नोंदलेल्या आणि स्वतःचे स्थानिक भांडवल असलेल्या कंपनीमार्फतच करावा. या आग्रहाचा हेतू ठेवीदाराचे संरक्षण हा आहे आणि त्याला संकुचित स्वदेशीचे लेबल लावणे अन्यायाचे ठरेल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परदेशात व्यवहार करण्याचे चार मार्ग बँकेपुढे असतात. सर्वांत जुना मार्ग तेथील बँकेत खाते ठेवण्याचा. मुंबईच्या बँकेला न्यूयॉर्कमध्ये डॉलर चुकते करायचे असतील, तर ती तेथील एखाद्या बँकेत डॉलरचे खाते उघडते. खाते उघडणारी बँक त्याला आपले नोस्ट्रो खाते म्हणते आणि ज्या बँकेत ते असते ती त्याला व्होस्ट्रो खाते म्हणते. परदेशी पैसा पाठवणे म्हणजे बहुतेक वेळा नाणी-नोटांचा प्रवास नसतो, तर अशा खात्यांवरील नोंदी बदलणे असते, आणि त्या नोंदींचे आदेश १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेल्या व १९७७ पासून कार्यरत असलेल्या स्विफ्ट या बँकांच्याच सहकारी संस्थेच्या संदेशजाळ्यातून जातात. दुसरा मार्ग प्रतिनिधी कार्यालयाचा. ते माहिती गोळा करते, ग्राहक जोडते, पण ठेवी घेऊ शकत नाही. तिसरा मार्ग शाखेचा आणि चौथा उपकंपनीचा. ग्राहकाच्या डोळ्यांना या शेवटच्या दोहोंत काहीच फरक दिसत नाही, कारण पाटी तीच, चिन्ह तेच आणि खिडकीपलीकडचा नम्रपणाही तोच. कायद्याच्या दृष्टीने मात्र शाखा हा मूळ बँकेच्याच शरीराचा अवयव असतो, तर उपकंपनी ही यजमान देशात नोंदलेली, स्वतंत्र भांडवल, स्वतंत्र ताळेबंद आणि स्वतंत्र संचालक मंडळ असलेली वेगळी व्यक्ती असते. शाखेवर मुख्यतः मूळ देशाच्या पर्यवेक्षकाचा वचक असतो, तर उपकंपनीवर यजमान देशाच्या. बँक चांगली चालत असेपर्यंत हा फरक केवळ वकिलांच्या कामाचा वाटतो. ती बुडू लागली की ठेवीदाराचे सर्वस्व याच फरकावर अवलंबून असते.

बँका परदेशात का जातात, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट ग्रुबेल यांनी १९७७ मध्ये बहुराष्ट्रीय बँकिंगची स्वतंत्र सैद्धान्तिक मांडणी करून शोधले आणि पुढील अभ्यासकांनी त्यात भर घातली. पहिले कारण असे की कारखानदार परदेशात गेला की त्याची बँकही त्याच्यामागे जाते, कारण त्याच्या पतपात्रतेविषयी वर्षानुवर्षे साठवलेली माहिती दुसऱ्या बँकेच्या हाती जाऊ देणे तिला परवडत नाही. दुसरे कारण परक्या मुलखातील स्वस्त ठेवी आणि चढे व्याजदर. तिसरे कारण, ज्याची चर्चा बँका स्वतः कमी करतात, ते म्हणजे मायदेशातील नियमांपासून सुटका. ही तिन्ही कारणे इतिहासात वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र येत गेली, आणि जेथे तिसऱ्या कारणाचे पारडे जड झाले तेथे पुढे संकट उभे राहिले, असे बहुतेक उदाहरणांवरून दिसते.

दूरच्या पेढीवर आपली जबाबदारी किती, हा प्रश्न आधुनिक बँकांच्याही आधीचा आहे. १३९७ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्थापन झालेल्या मेदिची पेढीच्या ब्रूज आणि लंडन येथील पेढ्या कायद्याने वेगवेगळ्या भागीदाऱ्या होत्या, आणि त्यामुळे एका पेढीचे देणे दुसरीच्या गळ्यात सहजासहजी पडत नसे. भारतात सराफांच्या हुंड्यांनी शहराशहरांतील व्यापार जोडला होता, परंतु तेथे जबाबदारी कुटुंबाच्या पतप्रतिष्ठेशी बांधलेली असल्याने पेढी आणि पेढीचा मालक यांत अंतर नव्हते. भागभांडवलाच्या, मर्यादित जबाबदारीच्या आणि सात समुद्रांपलीकडे मुख्य कार्यालय असलेल्या बँकेने हे अंतर प्रथमच मोठ्या प्रमाणावर निर्माण केले, आणि त्या घटनेशी मुंबईचा निकटचा संबंध आहे.

१८४२ मध्ये मुंबईत बँक ऑफ वेस्टर्न इंडिया या नावाने सुरू झालेल्या बँकेने तीनच वर्षांत आपले मुख्य कार्यालय लंडनला हलवले, ओरिएंटल बँक असे नाव घेतले आणि १८५१ मध्ये राजसनद मिळवून ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन म्हणून आशियाभर विस्तार केला. पाठोपाठ १८५३ ची सनद घेऊन आलेल्या चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या बँकेने १८५८ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि शांघाय येथे शाखा उघडल्या, आणि १८६५ मध्ये हाँगकाँग व शांघाय येथे त्याच नावाची बँक सुरू झाली. कापूस, अफू, चहा आणि रेशीम यांच्या व्यापारातील हुंड्या वटवणे, म्हणजे माल पोहोचल्यावर मिळणारी रक्कम व्यापाऱ्याला काही सूट कापून आधीच देणे, हा या बँकांचा मुख्य व्यवसाय होता, आणि वेगवेगळ्या चलनांच्या विनिमयावर त्यांचे उत्पन्न अवलंबून असल्याने भारतात त्या विनिमय बँका म्हणून ओळखल्या गेल्या. लंडनशी जडलेल्या या नात्याचा परिणाम १८६६ मध्ये दिसला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळल्यामुळे मुंबईची सट्टेबाजी आदल्या वर्षीच फुटली होती. त्यात मे १८६६ मध्ये लंडनमधील ओव्हरेंड गर्नी या पेढीचे दिवाळे निघाले, आणि महिन्याभरात भारतात मोठा पसारा असलेल्या आग्रा अँड मास्टरमन्स बँकेने रक्कम देणे थांबवले. ज्या ठेवीदारांनी ओव्हरेंड गर्नीचे नावही ऐकले नव्हते, त्यांचा पैसा लंडनच्या बाजारातील घबराटीने अडकला. पुढे १८८४ मध्ये खुद्द ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन बुडाली. सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांवर रोग पडून तेथे गुंतवलेली तिची कर्जे बुडीत निघणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते, आणि सिलोनमध्ये चलनात असलेल्या तिच्या नोटांना शेवटी तेथील वसाहत सरकारला हमी द्यावी लागली. नफा लंडनच्या भागधारकांना मिळत होता, पण पत सावरण्याचा भार सिलोनच्या तिजोरीवर पडला. खासगी परकी बँकेचा तोटा यजमान भूमीच्या सार्वजनिक पैशावर येऊन पडण्याचे हे सुरुवातीच्या काळातील ठळक उदाहरण होय.

वसाहतीच्या बँकेची मालमत्ता राजकीय वाऱ्याबरोबर कोठे जाते, हे गोव्याने आणखी कठोरपणे अनुभवले. १८६४ मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेली बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज वसाहतींसाठी नोटा काढणारी बँक १८६८ पासून गोव्यात होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकीय कुटुंबे लग्न, शेती किंवा आजारपण यांच्या खर्चासाठी आपले सोन्याचे दागिने तिच्याकडे तारण ठेवत आली होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्याच्या सुमारास हे तारण सोने लिस्बनला हलवण्यात आले. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९७४ च्या अखेरीस पुन्हा जुळले, तरीही ते सोने भारतात परत येण्यास १९९१ साल उजाडले. कर्ज फेडण्याची तयारी असूनही तारण सोडवता येऊ नये, आणि तेही तीन दशके, याला कोणत्याही बँकिंग नियमात समर्थन सापडत नाही. तरीही ते घडले, कारण मालमत्तेवरचा ताबा लिस्बनकडे होता आणि दागिन्यांच्या मालकांना न्याय मागण्यासाठी त्यांच्या हद्दीत कोणीच उत्तरदायी उरले नव्हते. मालमत्ता कोणत्या देशात आहे आणि तिच्यावर कोणाचा हुकूम चालतो, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी त्यावर माणसांची आयुष्ये कशी टांगलेली असतात, हे या प्रकरणात दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुराष्ट्रीय बँकिंगने नवे वळण घेतले आणि त्यामागे नियमांपासून सुटका ही प्रेरणा सर्वांत प्रबळ होती. अमेरिकेत ठेवींवरील व्याजावर क्यू नियमाने कमाल मर्यादा घातलेली होती. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाला आपले डॉलर अमेरिकेच्या हद्दीत ठेवणे धोक्याचे वाटत होते, म्हणून ते पॅरिस आणि लंडन येथील सोव्हिएत मालकीच्या बँकांत ठेवले जात. १९५७ मध्ये ब्रिटनने परदेशांमधील आपसांतील व्यापाराला पौंडात कर्ज देण्यावर निर्बंध घातल्यावर लंडनच्या बँकांनी तोच व्यवसाय डॉलरमध्ये सुरू केला. या सर्वांतून युरोडॉलरचा बाजार उभा राहिला. युरोडॉलर म्हणजे अमेरिकेबाहेरील बँकेत ठेवलेले डॉलर. हे डॉलर अमेरिकेच्या नियमांच्या कक्षेबाहेर होते आणि पौंड नसल्यामुळे ब्रिटिश पर्यवेक्षकांनाही त्यांची फारशी फिकीर नव्हती. परिणामी रोख राखीव ठेवण्याचे बंधन नसलेला, त्यामुळे ठेवीदाराला जास्त व्याज देऊ आणि कर्जदाराकडून कमी व्याज घेऊ शकणारा एक प्रचंड बाजार कोणाच्याच पूर्ण जबाबदारीखाली न येता वाढला. १९६० मध्ये परदेशात शाखा असलेल्या अमेरिकी बँका अवघ्या आठ होत्या; १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली.

१९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्यावर तेलउत्पादक देशांकडे साचलेले डॉलर याच बाजारात ठेवी म्हणून आले, आणि बँकांनी ते समूहकर्जाच्या रूपाने विकसनशील देशांना दिले. समूहकर्जात एक बँक पुढाकार घेते आणि अनेक बँका कर्जाचा एकेक हिस्सा उचलतात. त्या काळी व्याजदर कायमचा ठरवलेला नसे, तर लंडनमधील बँका परस्परांना ज्या दराने उसने देत त्या लायबोर नावाच्या दरावर तो ठरावीक मुदतीने बदलत राहत असे. या व्यवस्थेत व्याजदर वाढण्याचा धोका बँकेने कर्जदार देशाकडे सरकवला होता, परंतु कर्जदारच बुडण्याचा धोका तिच्याकडेच उरला होता. अमेरिकेने महागाई आवरण्यासाठी दर चढवले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले, तेव्हा सर्वांत मोठ्या अमेरिकी बँकांची विकसनशील देशांतील कर्जे त्यांच्या एकूण भांडवलापेक्षाही अधिक असल्याचे उघड झाले. १९८९ च्या ब्रॅडी योजनेने कर्जांचा काही भाग माफ करून प्रश्न मार्गी लावला, पण तोपर्यंत लॅटिन अमेरिकेच्या सामान्य जनतेने वाढीविना एक दशक घालवले होते.

पर्यवेक्षणाच्या दृष्टीने त्याहून बोलके संकट आधीच, १९७४ मध्ये, येऊन गेले होते. २६ जून १९७४ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी कोलोन येथील हेर्श्टाट बँक दिवसाचे कामकाज संपताच बंद केली. त्या दिवशी अनेक बँकांनी तिला जर्मन मार्क चुकते केले होते आणि बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळच होती, बँक बंद झाल्याचे कळताच तेथील खात्यातून रक्कम देणे थांबले, आणि मार्क देऊन बसलेल्यांचे डॉलर बुडाले. दोन देशांच्या घड्याळांतील फरकाने निर्माण होणाऱ्या या जोखमीला आजही त्याच बँकेच्या नावाने ओळखतात, आणि तिच्यावरचा उपाय, म्हणजे दोन्ही चलनांची देवघेव एकाच वेळी करणारी सीएलएस बँक, प्रत्यक्षात येण्यास २००२ साल उजाडले. हेर्श्टाटच्या धक्क्यानंतर दहा प्रमुख औद्योगिक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी बाझल येथे पर्यवेक्षण समिती नेमली. १९७५ मध्ये मूळ देश आणि यजमान देश यांनी देखरेख कशी वाटून घ्यावी याचा करार झाला आणि १९८८ मध्ये जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या किमान ८ टक्के भांडवल असावे हे मानक ठरले. मानक जागतिक झाले, परंतु ते मोडल्यावर होणारा तोटा कोणी सोसायचा, हे त्यात कोठेही ठरले नाही.

ही पोकळी किती खोल आहे, हे बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल या बँकेने दाखवले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या दोन मुख्य कंपन्या लक्झेंबर्ग आणि केमन बेटे येथे नोंदलेल्या होत्या, कारभार लंडनहून चालत होता आणि व्यवसाय सुमारे ७० देशांत पसरला होता; अशा रचनेत कोणत्याही एका पर्यवेक्षकाला तिचे संपूर्ण चित्र दिसत नव्हते. ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांनी एकाच दिवशी तिला टाळे ठोकले, तेव्हा प्रचंड प्रमाणावर झालेली फसवणूक बाहेर आली. तिची मुंबईतही शाखा होती, आणि त्या शाखेचा व्यवहार पुढे भारतीय स्टेट बँकेने उभ्या केलेल्या उपकंपनीकडे सोपवावा लागला. म्हणजे दूरच्या बेटांवर नोंदलेल्या बँकेचा पसारा निस्तरण्यासाठी अखेर भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला पुढे यावे लागले.

शाखा आणि उपकंपनी यांतील फरकाचा सर्वांत स्पष्ट प्रयोग मात्र २००८ मध्ये आइसलँडच्या निमित्ताने झाला. सुमारे तीन लाख लोकसंख्येच्या या देशातील तीन बँकांची मालमत्ता देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे नऊ-दहा पट झाली होती. त्यांपैकी लान्ड्सबांकी या बँकेने आइससेव्ह या नावाने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये शाखेमार्फत इंटरनेटवर ठेवी गोळा केल्या, तर काउपथिंग बँकेने ब्रिटनमध्ये तेथेच नोंदलेल्या उपकंपनीमार्फत तोच व्यवसाय केला. ऑक्टोबर २००८ मध्ये दोन्ही बँका कोसळल्या. काउपथिंगच्या उपकंपनीतील ठेवीदार पहिल्यापासून ब्रिटिश पर्यवेक्षण आणि ब्रिटिश ठेव विम्याखाली होते. आइससेव्हच्या तीन लाखांहून अधिक ब्रिटिश ठेवीदारांसाठी मात्र आइसलँडचा ठेव विमा निधी प्रथम उत्तरदायी होता, आणि त्या निधीत एवढी रक्कम असणे शक्यच नव्हते. ब्रिटन आणि नेदरलँड्स यांनी आपापल्या नागरिकांना पैसे दिले आणि आइसलँडकडे परतफेड मागितली. ब्रिटनने तर लान्ड्सबांकीची मालमत्ता गोठवण्यासाठी दहशतवादविरोधी कायद्यातील तरतुदी वापरल्या. आइसलँडच्या जनतेने २०१० आणि २०११ च्या दोन सार्वमतांत परतफेडीचे करार फेटाळले, आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या, म्हणजे एफ्टाच्या, न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निर्णय दिला. या निर्णयाचा अर्थ इतकाच की, ज्या देशाने शाखेला ठेवी घेऊ दिल्या त्याला मूळ देशाच्या तिजोरीवर विसंबून राहता येत नाही.

२००८ मध्येच लेमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या बाबतीत वेगळ्या वाटेने हेच घडले. या समूहाची रोकड दररोज संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये एकत्र केली जात असे; १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कच्या मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा लंडनच्या कंपनीकडे चालू देणी भागवण्यापुरतीही रोकड उरली नव्हती, आणि पुढे देशोदेशींच्या अवसायकांना एकमेकांविरुद्ध दावे करीत वर्षे काढावी लागली. बेनेलक्स देशांत पसरलेल्या फोर्टिस या बँकेची त्या शरद ऋतूत राष्ट्रांच्या सीमांवरूनच वाटणी झाली. यानंतर मोठ्या बँकांना शिस्तशीरपणे मोडण्याच्या आंतरराष्ट्रीय योजना वर्षानुवर्षे रचल्या गेल्या, पण मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्वीस डळमळली तेव्हा स्वित्झर्लंडने त्या योजना बाजूला ठेवून तातडीच्या राष्ट्रीय अधिकाराने तिला यूबीएसमध्ये विलीन केले. संकटाच्या रात्री प्रत्येक सरकार आपल्या करदात्याकडे पाहते, आणि लोकशाहीत ते तसेच पाहणार, हे गृहीत धरूनच धोरण आखले पाहिजे.

या भूमिकेवर घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर देणे आवश्यक आहे. प्रत्येक देशाने भांडवल आणि रोकड आपल्या कुंपणात अडवली, तर बँकेला एका देशातील शिल्लक दुसऱ्या देशातील टंचाईच्या ठिकाणी नेता येत नाही, कर्ज महाग होते, आणि एकूण भांडवल पुरेसे असूनही एखादी उपकंपनी एकाकी पडून बुडू शकते. परकी बँकांनी यजमान देशांना दिलेले लाभही खरे आहेत. व्यापाराला लागणारी पतपत्रे, चलनाच्या जोखमीचे व्यवस्थापन आणि नवे तंत्रज्ञान यांत त्या अनेकदा पुढे राहिल्या, आणि भारतातील पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीनेच बसवले. २००९ मध्ये पूर्व युरोपातील अर्थव्यवस्था गडगडत असताना पश्चिमेकडील मूळ बँकांनी व्हिएन्ना पुढाकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहमतीखाली तेथील आपल्या उपकंपन्यांतून पैसा काढून न घेण्याचे आश्वासन दिले, हे बहुराष्ट्रीय नात्याचे बळच होते. परंतु या उदाहरणाकडे नीट पाहिले तर ते प्रतिपादनाला पूरकच ठरते: वाटाघाटी होऊ शकल्या त्या मुख्यत्वे यजमान देशांत नोंदलेल्या, तेथील पर्यवेक्षकाला ताळेबंद दाखवणाऱ्या उपकंपन्यांविषयी. कुंपणाचा खर्च असतोच, आणि तो नियमित, मोजता येणारा असतो. कुंपण नसण्याची किंमत मात्र एकदम आणि सर्वांत दुबळ्या ठेवीदाराला मोजावी लागते. सावकाश भरता येणाऱ्या विमाहप्त्याप्रमाणे हा खर्च स्वीकारणे शहाणपणाचे आहे.

तरीही उपकंपनी हा शब्द लिहिला की काम संपले, असे मानणे चूक ठरेल. २००२ मध्ये अर्जेंटिना आर्थिक गर्तेत असताना फ्रान्सच्या क्रेदि अ‍ॅग्रिकोल समूहाने तेथील आपल्या तीन उपकंपन्यांत आणखी पैसा घालण्यास नकार दिला आणि त्या सोडून दिल्या. कॅनडाच्या स्कॉशियाबँकेनेही तेथील उपकंपनी सोडली. उपकंपनीची मर्यादित जबाबदारी यजमान देशाला जसे संरक्षण देते तसाच मूळ कंपनीला काढता पाय घेण्याचा मार्गही देते. म्हणून उपकंपनीचे भांडवल खरोखर त्या देशात असणे, तिने मूळ कंपनीला वाटेल तशी कर्जे न देणे आणि तिच्या संगणक यंत्रणा मूळ बँकेविना काही काळ तरी चालू शकणे, या अटी नसतील तर उपकंपनी ही केवळ कागदावरची भिंत राहते. न्यूझीलंडने प्रमुख बँकांसाठी स्थानिक नोंदणीची अट घालताना, आणि अमेरिकेने २०१४ च्या नियमाने मोठ्या परकी बँकांना शाखांव्यतिरिक्तच्या व्यवसायासाठी तेथेच भांडवल असलेली मध्यस्थ कंपनी स्थापण्यास सांगताना, हाच विचार केला. मुक्त बाजाराचे हे पुरस्कर्ते देश जे कुंपण स्वतः उभारतात, तेच विकसनशील देशाने उभारले की त्याला मागासलेपणा म्हणणे न्यायाचे नाही.

भारताच्या कायद्यात या शहाणपणाची बीजे जुनी आहेत. १९४९ च्या बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ११ नुसार परदेशात नोंदलेल्या बँकेला रिझर्व्ह बँकेकडे ठरावीक ठेव ठेवावी लागते, आणि तिने भारतातील व्यवसाय बंद केल्यास त्या रकमेवर भारतातील धनकोंचा पहिला हक्क राहतो. कलम २५ नुसार प्रत्येक बँकेच्या भारतातील ठेवी आणि तत्सम देण्यांच्या किमान ७५ टक्के मालमत्ता भारतातच असावी लागते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये पूर्ण मालकीच्या उपकंपन्यांसाठी जी चौकट जाहीर केली, तिच्यात किमान ५०० कोटी रुपयांचे भांडवल आणि संचालक मंडळात किमान निम्मे संचालक भारतीय किंवा भारतीय वंशाचे असण्याची अट आहे. या मार्गाने सिंगापूरच्या डीबीएस बँकेने मार्च २०१९ मध्ये भारतीय कंपनीचे रूप घेतले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अडचणीत आलेली लक्ष्मी विलास बँक तिच्यात विलीन करणे शक्य झाले, तेव्हा सिंगापूरहून २,५०० कोटी रुपयांचे भांडवल भारतात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने आरबीएल बँकेतील ६० टक्के हिस्सा घेण्याचा आणि आपल्या भारतीय शाखा तिच्यात विलीन करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. १९४३ मध्ये कोल्हापुरात रत्नाकर बँक म्हणून जन्मलेल्या आणि सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांवर वाढलेल्या संस्थेचा हा प्रवास अनेकांना अस्वस्थ करणारा वाटेल, परंतु भांडवल कोणत्या देशातून आले यापेक्षा ते कोणत्या देशाच्या कायद्याला उत्तर देते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्या कसोटीवर हा मार्ग शाखांच्या मार्गापेक्षा उजवा आहे. उणीव आहे ती दुसरीकडे: ऑगस्ट २०१० पूर्वी भारतात आलेल्या परकी बँकांना शाखा म्हणूनच राहण्याची मुभा आहे, आणि देशातील सर्वांत मोठ्या परकी बँका याच मुभेखाली आहेत. त्यांच्या ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. म्हणजे जोखीम भारतीय निधीने उचलायची आणि निर्णय लंडन-न्यूयॉर्कला व्हायचे, ही विषमता कायम आहे. ठरावीक आकारापुढे गेलेल्या शाखांसाठी उपकंपनीत रूपांतर सक्तीचे करणे हे यापुढचे आवश्यक पाऊल ठरते.

हेच मोजमाप भारतीय बँकांच्या परदेशी पसाऱ्यालाही लावले पाहिजे. मुंबईच्या बँक ऑफ इंडियाने १९४६ मध्ये लंडनला शाखा उघडून भारतीय बँकांना परदेशाची वाट दाखवली, आणि १९६७ मध्ये टांझानियाने बँकांचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा तेथील भारतीय बँकांनाही यजमान देशाच्या सार्वभौमत्वापुढे मान तुकवावी लागली. त्याहून गंभीर धडा २०१८ चा आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून मंजुरीविना आणि तारणाविना हमीपत्रे स्विफ्टच्या संदेशांतून गेली, त्यांच्या भरवशावर इतर भारतीय बँकांच्या परदेशी शाखांनी कर्जे दिली, आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी स्विफ्ट जोडलेले नसल्यामुळे ही देणी हिशेबात वर्षानुवर्षे उमटली नाहीत. सुरुवातीला जाहीर झालेला आकडाच सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. येथे परकी बँक कोणीच नव्हती. दोन्ही टोकांना भारतीय संस्था असूनही व्यवहार सीमेपलीकडे जाताच नजरेआड झाला, यावरून दोष मालकाच्या राष्ट्रीयत्वात नसून जबाबदारीच्या तुटलेल्या साखळीत आहे, हे सिद्ध होते.

बहुराष्ट्रीय बँकिंग थोपवता येणार नाही आणि थोपवूही नये, कारण निर्यातदाराला, परदेशी राबून घरी पैसे पाठवणाऱ्या कामगाराला आणि भांडवलाची भूक असलेल्या उद्योगाला त्याची गरज आहे. जागतिक ठेव विमा किंवा जागतिक सार्वजनिक तिजोरी नजीकच्या काळात निर्माण होण्याची चिन्हे नाहीत, आणि तोवर तोटा कोण सोसणार या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीयच राहणार आहे. ज्या समाजावर तोट्याचा भार पडणार त्याच समाजाच्या कायद्याला, न्यायालयाला आणि पर्यवेक्षकाला बँकेने आधीपासून उत्तर द्यावे, ही मागणी म्हणूनच न्यायाची आहे. बँक कोठून आली हे विचारण्याऐवजी ती बुडाल्यास येथील ठेवीदाराचा पैसा कोठे असेल आणि तो कोणाच्या हुकमाने परत मिळेल, हे परवाना देण्यापूर्वीच विचारले गेले पाहिजे, आणि त्याचे लेखी, कायद्याने बांधलेले उत्तर मिळाल्याशिवाय कोणत्याही देशाने आपल्या नागरिकांच्या ठेवी कोणत्याही बँकेच्या हाती देऊ नयेत.